चारशे सतरा नंबरचं कुलूप

विसरलेल्या छत्र्या ऑफिसात साचतात, तसे किस्से साचतात. कुणी आणली, कधी विसरला, काही आठवत नाही. पण कोपऱ्यात बारा-पंधरा उभ्या असतात आणि टाकून द्यायला जीव होत नाही. वर्ध्यातल्या एका वधू-वर सूचक कार्यालयात मी इतकी वर्षं काढली आहेत, की माझ्या कोपऱ्यात आता पाय ठेवायला जागा नाही.

माझं काम फिरतीचं. स्थळाची नोंद झाली की त्या पत्त्यावर जायचं, घर पाहायचं, मुलगा सांगतो तिथे खरंच नोकरीला आहे का याची पडताळणी करायची आणि चहा प्यायचा. पुलगावपासून हिंगणघाटपर्यंत ज्या घरचा चहा मी प्यालो नाही, त्या घरात लग्नाचं कुणी नाही, असं खुशाल समजा.

तुम्हाला वाटेल, आता हा कुणी कुणाला नकार दिला, कोणाचं कुठे फिसकटलं ते सांगणार. तसलं मी सांगू शकत नाही, कारण मला ते माहीतच नाही. का माहीत नाही, तेच सांगतो आहे. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. माणसांची नावं बदलली आहेत. बदललेली नावंही सुलभाताईंना दाखवून घेतली, तर त्यांनी त्यातली दोन पुन्हा बदलायला लावली.

आणि हो, घरी आम्ही तिघं. बायको, मी आणि बाबा. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. आईला जाऊन सहा वर्षं झाली. जेवताना मी ऑफिसचे किस्से सांगतो. बायकोला ते पाठ आहेत, त्यामुळे ती ऐकत नाही. बाबा ऐकतात. घास हातात धरून थांबतात आणि म्हणतात, "मंग?" सांगणाऱ्याला आयुष्यभर तेवढं एक "मंग?" पुरतं.

*

सुलभाताई येण्याआधी आमच्याकडे रजिस्टरं होती आणि फॉर्मांचे गठ्ठे. आमचे मालक झाडे सर म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. प्रत्येक फॉर्मवर लाल पेनानं शेरा मारायचे. सवय, दुसरं काय. "मुलगा बरा, आई तापट." "उंची सांगितली त्याहून दोन इंच कमी."

एके दिवशी सेलूकडचे एक गृहस्थ आले. पिशवीतून त्यांनी एक तेलकट कागद काढला, टेबलावर ठेवला आणि तळहातानं सरळ केला. बसस्टँडवर त्यांनी आलूबोंडा घेतला होता. तो ज्या कागदात बांधून मिळाला, तो त्यांच्याच मुलीचा फॉर्म होता. फोटो, पगार, जन्मवेळ, सगळं. खाली सरांच्या अक्षरात लाल शेरा: "साक्षगंध मोडलेलं. मुलगी अजून रडते."

गृहस्थांनी पाणी मागितलं, ते प्यायले, ग्लास जागेवर ठेवला.

"आलूबोंडा चांगला होता सर," म्हणाले आणि निघून गेले.

त्या दिवशी सर जेवले नाहीत. पुढच्याच आठवड्यात कॉम्प्युटर आला आणि लाल पेन कपाटात गेलं.

रद्दी कुणी विकली होती, ते मी सांगणार नाही. सुलभाताईंना पुढे जुन्या कागदांवरून ते कळलं. त्यांनीही आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

*

कॉम्प्युटर आला, पण तो सांभाळणार कोण? सरांनी मुलाखती घेतल्या. सगळ्यात शेवटी पुलगावच्या सुलभाताई आत आल्या. चाळिशीच्या आसपास, खांद्याला मोठी पर्स, पर्सच्या चेनीला छोटं कुलूप. मी तिथेच ओळखायला हवं होतं.

सरांनी विचारलं, "वडील काय करायचे?"

"पुलगावच्या डेपोत होते. दारूगोळ्याच्या."

"तिथे नेमकं काय काम?"

"माझ्या आईले तीस वर्षं मालूम नव्हतं सर. डबा द्याची, इतकंच."

"तुम्हाला माहीत असेल की."

"हो, मले मालूम आहे."

सर पुढे झुकले. मीही झुकलो. आता काहीतरी ऐकायला मिळणार.

"मंग सर," सुलभाताई म्हणाल्या, "मी कामावर कधीपासून येऊ?"

सरांनी बाकीचे अर्ज तिथेच बाजूला सारले.

*

पहिल्या दिवशी त्यांनी मला डेटाबेस समजावून सांगितला. "भाऊ, हे एक मोठं कपाट समजा. त्याले हजार कप्पे. प्रत्येकाले आपल्या कामापुरत्या कप्प्याची किल्ली. अन् आतले कागद असे लिहून ठेवले, की चोरानं अख्खं कपाट डोक्यावर उचलून नेलं तरी त्याले एक अक्षर वाचता येनार नाई."

उमेदवाराचं नाव गेलं, नंबर आला. मला पत्ता दिसायचा तो फक्त पडताळणीच्या दिवशी. संध्याकाळी सहानंतर तोही जायचा.

सर म्हणाले, "माझ्याकडे मात्र सगळ्या कप्प्यांची किल्ली असेल."

"नाई सर."

"अहो, मी मालक आहे."

"म्हणूनच नाई. लोकं गळ घालतात ते मालकाले. अन् तुमाले भिडेपायी नाई म्हणता येत नाई. आता तुमी खरंखुरं सांगू शकता, की मले दिसतच नाई."

सरांनी डोळे मिटले. मनातल्या मनात पायऱ्या तपासल्या.

"सिद्ध झालं," म्हणाले आणि पुन्हा कधी किल्ली मागितली नाही.

मी मात्र मास्तर नव्हे. आमच्या शेजारच्या मुलीची नोंद झाल्याचं मला वासावरूनच कळलं होतं. दुपारी सगळे जेवायला बसले असताना मी त्या दिवशीच्या पडताळणीच्या यादीत तिचा पत्ता शोधला आणि दोनशे अकरा नंबर उघडून पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर चिठ्ठी: "२११ काऊन उघडला?"

मी गेलो. "चुकून उघडला गेला ताई."

सुलभाताईंनी वहीतून मान वर केली नाही. "तीनदा?"

कपाट कोण, कधी, किती वेळा उघडतं, याची ते कपाट स्वतःच नोंद ठेवतं, हे मला त्या दिवशी कळलं. सुलभाताई सरांना काही बोलल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून माझ्या गल्लीतल्या आणि माझ्या आडनावाच्या एकाही नोंदीचा पत्ता मला दिसेना. पुढे मी ते विसरूनही गेलो. जे दिसत नाही, ते दिसत नाही हे तरी कुठे दिसतं?

*

मग चारशे सतरा नंबर आला.

मी त्या दुपारी पुलगावला गेलो होतो. परत येतो तो टेबलावर फक्त रिकामा कप होता आणि सुलभाताई शेवटची ओळ भरत होत्या. स्क्रीनवर मला दिसलं ते एवढंच: वय सत्तरच्या पुढे, पत्नी हयात नाही, तालुका वर्धा. बाकी सगळं बंद. आणि खाली एक अट, उघडी: "आधी घरी कळलं तर नाव काढून टाकावे. घरच्यांचं हसू सोसणार नाही."

"अट सगळ्याईले दिसली पाह्यजे, म्हणून उघडी ठेवली," सुलभाताई म्हणाल्या. "हा माणूस चपला घालून दोनदा दारापर्यंत गेलता अन् वापस आलता. समजून राह्यले ना?"

"पडताळणीला कधी जाऊ?"

"तुमी नका जाऊ. मी जाऊन येतो."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं काम कुणी काढून घेतलं होतं. मी मनाशी ठरवून टाकलं, की हा नक्कीच कुणीतरी माजी आमदार. त्याशिवाय एवढी लपवाछपवी कशाला? सरांनाही खोदून पाहिलं.

"मला दिसतच नाही," सर म्हणाले. हे वाक्य म्हणताना त्यांच्या तोंडावर जो आनंद होता, तो पेन्शनच्या दिवशीही नसतो.

*

त्याच महिन्यात एका नेत्याचे पीए आले. पांढरा शर्ट, दोन मोबाइल, मागे गाडी सुरू ठेवलेली.

"ताई, साहेबांचा निरोप हाय. तुमच्याकडं जिल्ह्यातले जितके मायबाप हायेत, त्याईचे फोन नंबर पाह्यजे. पोरींचे नको, बापाईचेच. सनावाराच्या शुभेच्छा पाठवाच्या हायेत."

सर म्हणाले, "मला दिसतच नाही," आणि आतल्या खोलीत गेले.

आता काय होतं म्हणून मी खुर्ची जवळ ओढली. सुलभाताई तर चक्क हो म्हणाल्या. त्यांनी स्क्रीन पीएकडे वळवला. "घ्या उतरवून."

स्क्रीनवर ओळीच्या ओळी होत्या. मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यावर उमटावीत तशी अक्षरं, आकडे, फुल्या. पीए हुशार माणूस. पहिली ओळ त्यांनी निमूट उतरवली. दुसरी अर्धी झाली. मग पेन थांबलं.

"ताई, हे वाचता येत नाई."

"मलेही नाई येत."

"मंग तुमी लग्नं कशी जुळवता?"

"नंबरानं," सुलभाताई म्हणाल्या. "तुमचं झालं का? नाई तर फॉर्म देतो."

पीए फॉर्म घेऊन गेले. रीतसर भरून परत पाठवला. त्यांचंही नाव मला माहीत नाही. तोपर्यंत तेही नंबर होऊन बसले होते.

*

पुढचा किस्सा खोटा वाटला तर वाटू द्या. मी समोर बसलो होतो.

फोन आला. हिंदीत बोलणारा, घाईतला आवाज. "मैडम, मैं कंपनी से बोल रहा हूँ. आपका सर्वर आज बंद हो जाएगा. जो छह नंबर का ओटीपी आएगा, वो बता दीजिए."

आमच्याकडे नवीन नोंदणी करताना उमेदवाराच्या मोबाइलवर असेच सहा आकडे जातात. सुलभाताईंनी एका हातानं फोन धरला आणि दुसऱ्या हातानं कोरा फॉर्म उघडला.

"बताती हूँ भैया. आपका शुभ नाम? उमर? शादी हो गई क्या?"

तिकडचा गडबडला, पण पगारी खोटं बोलणाऱ्यालाही खरं विचारणारं कुणी भेटत नसावं. नाव सांगितलं, वय सांगितलं, आई गावाकडे एकटी असते तेही सांगितलं. बाईंनी मोबाइल नंबर विचारला, त्यानं दिला.

"अब आपको छह नंबर आए होंगे. बताइए."

त्यानं सांगितले. अगदी एकेक, सावकाश.

मी डोक्याला हात लावला. अर्ध्या मिनिटानं तिकडून नम्र आवाज आला, "मैडम, लड़की कहाँ की है?"

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, आता याला पोलिसात द्या. तसा त्याचा फोन नंबर त्यांनी पोलिसांना कळवलाही. पण फॉर्म मात्र पाच मिनिटांत पुसून टाकला.

"राहू द्या की ताई. गंमत म्हणून."

"खोट्या माणसाचीही खरी माहिती आपल्याजवळ पडून राह्याले नाई पाह्यजे. जे ठेवलंच नाई, ते कोनी नेत नाई." आणि मग फोन जागेवर सरकवत, "त्याच्या मायबद्दल खरं बोलून राह्यला होता थो."

*

एकदा मात्र सुलभाताई घाबरलेल्या मी पाहिल्या.

अख्ख्या कपाटाची एक मोठी किल्ली असते. तिचे दोन भाग केलेले. अर्धी अक्षरं सुलभाताईंकडे, अर्धी सरांकडे, बंद पाकिटात, लॉकरमध्ये. दोन्ही जोडल्याशिवाय ती चालत नाही. दर सहा महिन्यांनी पाकिटं तपासायची. सरांनी आपलं पाकीट आणलं, सील फोडलं, कागद उलगडला आणि वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"तुमचा संसार सुखाचा होवो. आपला, झाडे."

झालं होतं असं, की आमच्याकडून जुळलेल्या प्रत्येक लग्नात सर स्वतःच्या हातानं लिहिलेला आशीर्वाद पाकिटात घालून देतात. तीच पिवळी पाकिटं, तोच डिंक. तपासणी जवळ आली म्हणून सरांनी किल्लीचं पाकीट बाहेर काढून ठेवलं, आणि दोन दिवसांपूर्वी हिंगणघाटच्या लग्नात अर्धी किल्ली आहेरात दिली.

सुलभाताई उभ्या राहिल्या. "अर्धी गेली म्हणजे कुलूप गेलं समजाचं. सर, हजार घरं आहेत याच्यात. थो चारशे सतरावाला माझ्या भरवशावर नाव देऊन गेला."

मी मिळेल त्या एसटीनं हिंगणघाट गाठलं. मांडव अजून उतरायचा होता. नवरी माहेरच्या बायकांत बसली होती आणि नवरदेव, हळदीच्या अंगानं, ओसरीवर वही-पेन घेऊन बसला होता. समोर सरांचा कागद. नवरदेव सरांचा जुना विद्यार्थी.

मला पाहून तो ओशाळला. "भाऊ, सरांले सांगजा, परवापासून लागलो हाओ. अजून सुटलं नाई."

तो कागद घेऊन परत आलो तर सुलभाताईंनी कुलूप आणि किल्ली दोन्ही बदलून टाकलेली. आता तो कागद म्हणजे नुसता कागद होता, तरी त्यांनी तो फाडायला घेतला. सरांनी हात आडवा केला.

"एक मिनिट."

नवरदेवानं कागदाच्या चारी बाजूंनी आकडेमोड केली होती. सरांनी कपाट उघडून लाल पेन काढलं. शांतपणे सगळं तपासलं. खाली लिहिलं: "पद्धत चांगली. दहापैकी सहा."

मग फाडला.

*

आता चारशे सतरा.

त्याच्यासाठी तीनशे दोन नंबर योग्य वाटतो, असं सुलभाताईंचं मत पडलं. सावंगीला राहणाऱ्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. त्यांची पडताळणी मीच केली होती. घर आरशासारखं. चहात आलं. मी माझे दोन किस्से सांगितले, तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. स्थळाबद्दल अपेक्षा विचारली, तर म्हणाल्या, "बोलका नसला तरी चालते. ऐकणारा पाह्यजे." मी अहवालात लिहिलं होतं: "ही बाई ज्या घरात जाईल, ते घर नशीबवान."

दोघांची भेट झाली. कुठे, कधी, मला माहीत नाही. एवढं खरं, की सुलभाताई त्या आठवड्यात गुणगुणत होत्या.

आणि मी काय केलं? एका संध्याकाळी जेवताना किस्सा काढला. नाव माहीत नव्हतं, तरी रंगवायला काय लागतं? सत्तरीचा नवरदेव, बाशिंग आधी बांधावं की कवळी आधी बसवावी, असा सगळा थाट उभा केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बायको हसली. मी तर ताटावरच आडवा. बाबांनी तेवढं "मंग?" म्हटलं नाही. त्यांचं लक्ष नसेल म्हणून मी दुसरा किस्सा लावला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सुलभाताईंनी मला हाक मारली. चेहरा असा, की पुलगावच्या डेपोत काही पेटलं की काय.

"चारशे सतराचा फोन आलता. नाव काढा म्हणते."

"का?"

"काऊन म्हणून आपण विचारत नसतो." त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "भाऊ, तुमी त्याच्याबद्दल कुठी बोलले का?"

"छे. घरी जेवताना बोललो, फक्त."

"घरी जेवताना. फक्त."

त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं खूप वेळ पुसला. आमचा नियम असा, की कुणी नाव काढा म्हटलं की चोवीस तासांत काढायचं. एरवी सुलभाताई चहा निवायच्या आत काढतात. आज त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

"समजा भाऊ, तुमच्या घरी असं कोनी निघालं, तर तुमी हासान?"

मी थट्टेवर नेणार होतो. पण त्यांच्याकडे पाहून नेता आलं नाही. "हसणं वेगळं ताई. गमतीत माणूस हसतो. पण खरं सांगू? आम्ही तिघं जेवायला बसतो, तरी आईचं ताट नाही हे रोज दिसतं. बायको अजून कधीकधी चौथा पाट मांडते आणि उचलते. त्या वयात कुणी सोबत शोधत असेल, तर त्यात हसण्यासारखं काय आहे? आमच्याकडे असं असतं तर मी बँड लावला असता."

"हे असंच्या असं आज घरी सांगा. जेवताना."

"का?"

"तुमी चांगलं सांगता."

स्तुती केली की मी काहीही करतो. रात्री जेवायला बसलो आणि सांगितलं. कालचा किस्सा अर्धवट राहिला होता म्हणालो. त्या नवरदेवाला मी हसलो खरा, पण दिवसभर मनात ते घोळत राहिलं म्हणालो. आईच्या ताटाचंही बोललो. बायको भाकर वाढता वाढता थांबली.

बाबांनी घास हातात धरला. "मंग?"

"मग काय, आपल्या घरी असं झालं असतं तर मी बँड लावला असता."

"अन् मी नाचली असती," बायको म्हणाली.

बाबांनी जरा विचार केला. "कोणता बँड?"

"आर्वी नाक्यावरचा. लाल डगलेवाला."

"थो बरा वाजवते," बाबा म्हणाले आणि अर्धी भाकर मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी मुदत संपायला पंधरा मिनिटं उरली असताना ऑफिसचा फोन वाजला. सुलभाताई एवढंच म्हणाल्या, "हो काका. हो. नाई काढलं अजून." मग उठून स्वतः कोपऱ्यावर गेल्या आणि सगळ्यांसाठी तर्री-पोहे घेऊन आल्या.

"कशाबद्दल?" मी विचारलं.

"माझा वाढदिवस आहे."

सर म्हणाले, "तुमचा वाढदिवस तर डिसेंबरात असतो."

सुलभाताईंचा चमचा थांबला. "सर, थे तुमाले कसं दिसलं?"

*

मग एका शनिवारी त्यांनी मला सांगितलं, "सोमवारी चारशे सतराचं लग्न आहे. इथंच, आपल्या ऑफिसात. सर मंगलाष्टकं म्हणनार. साक्षीदार म्हणून तुमी सही करा. अन् येताना दोन हार घेऊन येजा, मोगऱ्याचे."

"आता तरी नाव सांगा ताई."

"सही करताना वाचजा."

दोन दिवस मला चैन पडेना. माजी आमदाराच्या लग्नाचा साक्षीदार. सोमवारी मी कडक इस्त्रीचा शर्ट काढला. बायकोनं विचारलं, तर सांगितलं, "मोठा माणूस आहे, नाव विचारू नको." बाबा सकाळीच कुठेतरी बाहेर पडले होते. न्हाणीघरात माझा चांगला साबण ओला होता.

बाजारातून हार घेतले. अकराला पाच कमी असताना ऑफिसच्या पायऱ्या चढलो. दारात पिवळं पाकीट घेऊन सर उभे होते. आत सुलभाताई स्क्रीनसमोर बसल्या होत्या, आणि चारशे सतरा नंबरचे सगळे कप्पे आज उघडे होते. समोरच्या बाकावर सावंगीच्या नर्सबाई, हिरव्या साडीत. त्यांच्या शेजारी, पांढऱ्या बुशशर्टात, गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून, बाबा.

बाबांनी माझ्या हातातल्या हारांकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून, उघड्या दाराकडे.

"बँड कुठी हाय?"